मदत हवी आहे: शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात कुठला दिवा लावू?

तूरडाळ:
लेकाच्या हट्टापायी शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) आणलाय. आम्ही न्यू जर्सीत. दुकानदाराने पिळाचा यूव्हीबी बल्ब (हाडांसाठी लागणारे उन्हातले अतिनील किरण देणारा), रात्रीसाठी लाल बल्ब आणि एक गरम होणारा दगड गळ्यात मारला. तरी हा दिवसभर काळा पडून बसतो. काय ठेवू, काय परत करू? परतीची मुदत उद्या संपतेय, पाल्हाळ नको.

निवडुंग:
जात कुठली? वय? पिंजरा जाळीचा की काचेचा? फांदीवर तापमान किती?

दिवेलागण:
जपून हो. आपला घोयरा, म्हणजे भारतातला शॅमेलिऑन, घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

तूरडाळ:
न्यू जर्सी लिहिलंय की वर! व्हेल्ड आहे, पाच महिन्यांचा. तापमान मोजलं नाही, हाताला कोमट लागतं.

निवडुंग:
दगड उद्याच परत. हा फांदीवरचा जीव, ऊब वरून घेतो. दगडावर पोट भाजून घेईल. साधा पांढरा बल्ब वरच्या एका कोपऱ्यात, त्याखालच्या फांदीवर ८५ फॅरनहाइट, म्हणजे २९-३० सेल्सिअस. खालचा भाग गारच राहू दे. लाल बल्बही परत, रात्री त्याला अंधार लागतो. खोली ६५च्या खाली जात नसेल तर रात्री ऊबही नको. काळा पडतो तो बहुतेक ऊब ओढून घ्यायला. तोंड वासून बसला तर समजा जास्त तापलं. आणि पिळाच्या बल्बऐवजी टी५ची (बारीक ट्यूबलाइटसारखी) लांब नळी घ्या, ५ किंवा ६ टक्के यूव्हीबीची.

खारूताई:
उगाच खर्चात पाडू नका त्यांना. माझा तीन वर्षं पिळाच्या बल्बवरच होता.

निवडुंग:
पाय सरळ होते का त्याचे?

खारूताई:
एक जरा वाकडा होता. पण तो पहिल्यापासूनच.

निवडुंग:
बरं.

मुक्काम:
सकाळी खिडकीत ठेवा की. आमच्या कोकणात ऊन फुकट आहे.

निवडुंग:
थंडीत, न्यू जर्सीत? शिवाय यूव्हीबी काचेतून येत नाही. तूरडाळ, पिंजरा कसला ते अजून सांगितलं नाहीत.

तूरडाळ:
काचेचा. झाकणही काचेचं, दिवा त्याच्यावर ठेवलाय. म्हणजे आत काही पोचतच नव्हतं? दीड महिना झाला हो. काल फांदी धरताना पुढचा पाय थरथरत होता.

निवडुंग:
मग दिव्याआधी डॉक्टर. सरपटणारे प्राणी बघणारा शोधा, याच आठवड्यात. कॅल्शियम कमी पडलं असणार, पण मनाने डी३ जीवनसत्त्व पाजत बसू नका. झाकणाच्या जागी जाळी, जाळीवर नळी, फांदी तिच्याखाली वीतभर. १२ तास चालू, टायमर लावा. नळी वर्षाने बदलायची, पेटत असली तरी.

दिवेलागण:
आमच्या स्वयंपाकघरात ट्यूबमागे दोन पाली आहेत. त्यांना काही उपाय?

तूरडाळ:
अपॉइंटमेंट मिळाली, परवाची. जाळी डासांची चालेल का? घरात आहे.

निवडुंग:
ती प्लास्टिकची, बल्बखाली वितळेल. शिवाय फार बारीक. धातूची आणा, मोठ्या भोकांची.