डाउनहिल सायकल चढावर चालवायची आहे, काय काय बदलू?

रानवाट_उत्तर
नमस्कार मंडळी. मी नॉर्थ व्हँकुव्हरला राहतो. गेल्या उन्हाळ्यात व्हिसलरच्या बाइक पार्कसाठी जुनी डाउनहिल (फक्त उतारासाठी बनवलेली) सायकल घेतली: पुढे-मागे २०० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबण्याची लांबी), २७.५ इंची चाकं, पायडलजवळ ३६ दाती चेनरिंग, मागे १०-२४ दातांची सात गिअरची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच). तिथे गंडोला (केबलकार) वर नेतो, त्यामुळे काही अडलं नाही. पण घराजवळच्या माउंट फ्रॉमला लिफ्ट नाही; माउंटन हायवेच्या खडीच्या रस्त्याने पायडल मारतच चढावं लागतं. परवा निम्मा चढ सायकल ढकलत गेलो. दुसरी सायकल घेण्याइतके पैसे आत्ता नाहीत. कुठून सुरुवात करू?

दातेरी_चक्र
गिअरपासून. ३६ ला २४ म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाकाच्या दीड फेऱ्या. मिनिटाला साठ फेऱ्या मारायच्या तर ताशी १२ किमी वेग हवा. खड्या चढावर एवढ्या जड सायकलीने तो सहसा कोणालाच टिकवता येणार नाही, त्यामुळे तुमच्या पायांना दोष देऊ नका. पुढे ३२ आणि मागे ५० केलंत तर त्याच लयीत ५ किमीवर येता.

पण कॅसेट विकत घेण्याआधी मागचं चाक काढून फ्रीहब (चाकाच्या हबचा, कॅसेट बसते तो भाग) बघा. काही डाउनहिल हबचा फ्रीहब मुद्दाम आखूड केलेला असतो आणि त्यावर मोठी कॅसेट बसतच नाही. मी दुकानदाराच्या शब्दावर विसंबून कॅसेट आणली आणि ती तशीच पडून राहिली. फ्रीहब पूर्ण लांबीचा निघाला तर कॅसेटबरोबर लांब केजचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग), शिफ्टर आणि चेन हे सगळंच बदलावं लागेल. चेन गाइडचा (चेन निसटू न देणाऱ्या भागाचा) खालचा रोलर काढून टाका, पण चेनरिंगला दगडांपासून वाचवणारा बॅश गार्ड ठेवा.

सह्याद्रीची_लेक
माझ्या मते गिअरइतकीच महत्त्वाची सीटची उंची, आणि तिचा खर्च बराच कमी. गुडघे छातीशी येत असतील तर कुठलाही गिअर उपयोगाचा नाही. लांब सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आणि हाताने उघडणारा क्विक रिलीज क्लॅम्प घ्या. पोस्टवरच्या किमान खोलीच्या खुणेपेक्षा वर काढू नका, फ्रेम तडकते. या फ्रेमची सीट ट्यूब (पोस्ट बसतो ती नळी) मागे कललेली असते. सीट जितकी वर, तितके तुम्ही मागच्या चाकावर जाता आणि पुढचं चाक जमिनीवरून उचललं जातं. म्हणून सीट तिच्या खालच्या रेल्सवर जमेल तितकी पुढे सरकवा, नाक किंचित खाली करा.

उताराआधी सीट खाली घ्यायची, पण किती, ते घरीच ठरवा. शॉकची स्प्रिंग काढून मागचं चाक पूर्ण वर दाबा. टायर सीटला किंवा पोस्टचं खालचं टोक शॉकला लागतंय का, ते बघा. ही तपासणी टाळू नका.

दातेरी_चक्र
हे माझ्याकडून राहिलं होतं. अगदी बरोबर.

खडीचा_रस्ता
शॉकचं लो-स्पीड कम्प्रेशन (पायडल मारताना शॉक दबण्याला होणारा विरोध) चढताना पूर्ण वाढवा, म्हणजे नॉब शेवटपर्यंत घट्ट करा. किती क्लिक फिरवले ते मोजा, वर पोहोचल्यावर तितकेच उलटे फिरवा. फोर्कला हात लावू नका. डबल क्राउनमुळे (फोर्कचे पाय वर-खाली दोन पट्ट्यांनी जोडलेले असल्याने) हँडल कमी वळतं, तेव्हा तीव्र वळणांवर बाहेरच्या कडेने जा. मागच्या मऊ रबराच्या टायरऐवजी थोडा कडक, वेगाने पळणारा टायर लावलात तर फरक लगेच जाणवेल.

आठवड्यातून दोनदा चढणार असाल तर मात्र हे सगळं करण्यापेक्षा ही सायकल विकून १६०-१७० मिमी ट्रॅव्हलची एन्ड्युरो (चढ-उतार दोन्हीसाठीची सायकल) घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

सह्याद्रीची_लेक
मला नाही पटत. व्हिसलरच्या उतारावर ती काय करते ते त्यांना माहीत आहे, म्हणून तर विचारतायत.

रानवाट_उत्तर
सर्वांचे आभार. आज चाक काढलं. फ्रीहब आखूडच निघाला, त्यामुळे मागचं काम हब बदलेपर्यंत थांबलं. आत्तापुरती ३० दाती चेनरिंग आणि ४०० मिमीचा सीटपोस्ट मागवतो. स्प्रिंग काढून दाबून बघितलं, सीट तळाशी असताना टायरपासून दोन बोटं अंतर राहतं. शनिवारी फ्रॉमवर जाऊन किती चढलो ते इथेच लिहीन.