मदत हवी आहे: माहिती अधिकारातलं पहिलं अपील कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी, गावात १५व्या वित्त आयोगाच्या निधीतून गटार झालं म्हणतात, पण अंगणवाडीपुढे पाणी तसंच तुंबतंय आणि लहान पोरं त्यातूनच आत जातात, बघवत नाही हो. ग्रामसभा कोरमअभावी (म्हणजे पुरेशी माणसं हजर नाहीत म्हणून) तहकूब, मग तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून मोजक्या लोकांत ठराव मंजूर. शेवटी माहिती अधिकारात एमबी (कामाच्या मोजमापाची नोंदवही) आणि बिलांच्या प्रती मागितल्या, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, ३० दिवस उलटले, काहीच उत्तर नाही. आता पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांकडे पहिलं अपील करायचंय, त्याला २० रुपयांचं तिकीट लागतं एवढं माहितीय, पण मुद्दे कसे मांडायचे? सुनावणीत मूळ एमबी बघायला मागावी का? कुणाकडे नमुना असेल तर प्लीज टाका, अपिलालाही ३० दिवसांचीच मुदत आहे.