मदत हवी आहे : समुद्रातून वाळू उपसून किनाऱ्यावर टाकली तर ती टिकते का? (देवबाग, ता. मालवण)

शिरोली_सँडलॅब

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीची सँड लॅब बघतो. वाळूशी गाठ रोजची, समुद्राशी मात्र फक्त नात्यातली. माझी मावशी देवबागला दिलेली. ज्यांनी गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारकर्लीच्या पुढे जमिनीची चिंचोळी पट्टी जाते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी, टोकाला दोघांचा संगम. माडाच्या बागा आणि घरं या पट्टीवरच. पावसाळ्यात उधाण आलं की पुळण (किनाऱ्याची वाळू) खचते, माड मुळासकट आडवे होतात आणि घरातली माणसं रात्र रात्र जागी असतात.

गावातले काही जण आता निवेदन तयार करतायत. मावसभावाचा फोन आला, "दादा, तू वाळूतला माणूस, मुद्दे लिहून दे." गावात मतं दोन आहेत. जुनी माणसं म्हणतात, दगडी धूपप्रतिबंधक बंधारा आहे तो पुढे वाढवा. तरुणांनी मोबाईलवर परदेशातला व्हिडिओ पाहिलाय : जहाज समुद्राच्या तळातून वाळू ओढतं आणि लांबून कमानीसारखी किनाऱ्यावर फवारतं. त्यांना तेच पाहिजे. काका (मावशीचे यजमान) दोन्हीकडे नाहीत. त्यांचं एकच म्हणणं, "दगड टाकला तर दिसतो तरी. पाण्यात टाकलेली वाळू मोजायची कोणी?"

गेल्या खेपेला येताना तीन पिशव्या वाळू घेऊन आलो : एक पुळणीवरची, एक बंधाऱ्याच्या टोकाजवळची, एक खाडीतोंडाच्या दांड्यावरची (दांडा म्हणजे वाळूचा लांबट उंचवटा). लॅबमध्ये वाळवून चाळण्यांवर लावली. पुळणीची वाळू बहुतेक 70 आणि 100 नंबरच्या चाळणीवर अडकली (नंबर मोठा तितकी जाळी बारीक). दांड्यावरची जाड निघाली, 40 आणि 50 वरच बरीचशी राहिली. ॲसिडचे थेंब टाकले तर तिन्ही फसफसल्या, म्हणजे शिंपल्यांचा चुरा आहेच. फ्युरान मोल्डिंगला (रेझिनचा बाइंडर घालून वाळूचे साचे करायला) असली वाळू आम्ही दारातही उभी करणार नाही, पण समुद्राला त्याचं काय?

जाणकारांनी सांगावं : ही वाळू नेमकी कुठून आणायची, किती लागते, किती वर्षं राहते, आणि परवानगी कोणाकडे मागायची? उत्तर "नको, बंधाराच बरा" असं असलं तरी चालेल, पण कारणासकट द्या.

रंकाळ्याचा_राजू

भावा, समुद्रात वाळू वतायची म्हंजे पुरात पंचगंगेला घागरीनं पाणी घातल्यासारखं हाय. पण जहाज आलंच तर सांग, फोंड्याचा घाट उतरून समदी गल्ली बघायला येतो. तांबड्या रश्श्याचा डबा आमच्याकडं लागला.

खडकवासला_रिटर्न

राजूभाऊंचा विनोद बाजूला ठेवून लिहितो. नोकरीतली बरीच वर्षं किनाऱ्याच्या कामात गेली आहेत.

निवेदन लिहिण्याआधी एक गोष्ट तपासा : पावसाळ्यात गेलेली वाळू दिवाळीनंतर परत येते का? आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबरच्या उंच लाटा पुळण खरवडून थोड्या खोल पाण्यात वाळूचा दांडा तयार करतात. मग शांत दिवसांतल्या लाटा तीच वाळू हळूहळू वर लोटतात. त्यामुळे जुलैचा फोटो घेऊन मंत्रालयात गेलात तर समोरचा अभियंता डिसेंबरचा फोटो काढून दाखवेल आणि विषय तिथेच संपेल. मे महिन्याची रुंदी मागच्या मे महिन्याशी ताडून बघा. त्यात घट दिसली तर ती खरी धूप.

आता दगडी बंधाऱ्याबद्दल. त्याने मागची जमीन वाचते, पुढची पुळण वाचत नाही. लाट दगडावर आपटून मागे फिरते, पायथ्याची वाळू घेऊन जाते आणि दगड खचायला लागतात. शिवाय बंधारा जिथे संपतो त्याच्या पलीकडच्या घराला जास्त मार बसतो. मग ते घर म्हणतं, आमच्यापर्यंत वाढवा. कोकणात हे चक्र ठिकठिकाणी चालू आहे. तरी सरसकट दगड वाईट असं मी म्हणणार नाही. घराची भिंत आणि लाट यांच्यात चार पावलं उरली असतील तर वाळूची वाट बघत बसता येत नाही.

वाळू भरण्याचं तंत्र असं. सक्शन हॉपर ड्रेजर नावाचं जहाज लांब पाइप तळाला टेकवतं आणि वाळू-पाण्याचा काला पोटात ओढून घेतं. वाळू बसते, वरचं गढूळ पाणी बाहेर सांडतं. पोट भरलं की किनाऱ्याकडे येऊन पाइपलाइनने किंवा फवाऱ्याने वाळू सोडतं, आणि पुढचं काम डोझरचं. यात दोन ठिकाणी घोळ होतो.

एक, खड्डा कुठे काढता. किनाऱ्याजवळ लाटा तळ हलवतात. त्या पट्ट्यात खणलंत तर पुळणीचीच वाळू घसरून खड्डा भरणार. वर खड्ड्यामुळे लाटांची दिशा वळून एखाद्याच वाडीवर जोर यायचा. म्हणून वाळू त्या पट्ट्याच्या पलीकडून, खोलातूनच घ्यायची.

दोन, दाणा. हे तुम्हाला सांगायला नकोच. आणलेली वाळू मूळ वाळूइतकी किंवा तिच्यापेक्षा थोडी जाड हवी. बारीक वाळूला लाट उतरता, पसरट तळ देते, म्हणजे टाकलेल्यातली बरीचशी पाण्याखाली पसरते आणि वर चालायला जेमतेम पट्टी उरते. शिंपल्यांच्या चुऱ्याची काळजी करू नका, तुमच्या बाइंडरला तो नडतो, समुद्राला नाही. माती मात्र नको. फाइन्स (मातीसारखे अगदी बारीक कण) जास्त असतील तर पाणी गढूळ राहतं आणि मासेमारीची तक्रार येते.

शिरोली_सँडलॅब

सर, फार उपयोगाचं लिहिलंत, आभारी आहे. किती लागेल याचा ढोबळ हिशेब सांगाल का? गावात घनमीटर कोणाला कळत नाही, ब्रासमध्ये सांगितलं तर डोक्यात बसेल.

खडकवासला_रिटर्न

धरा की एक किलोमीटर पुळण 20 मीटरने रुंद करायची आहे. नुसता वरचा थर टाकून भागत नाही. लाटा जिथपर्यंत तळ हलवतात तिथपर्यंतचा सगळा उतारच पुढे सरकवावा लागतो. पुळणीच्या माथ्यापासून त्या खोलीपर्यंतची उंची 8 मीटर धरली तर एका चौरस मीटर कोरड्या पुळणीमागे 8 घनमीटर वाळू. म्हणजे 1,60,000 घनमीटर. एक ब्रास 2.83 घनमीटरचा, तेव्हा साधारण 56,500 ब्रास. हा फक्त अंदाज समजण्यासाठीचा हिशेब आहे. 8 मीटरच्या जागी काय धरायचं हे देवबागचा तळ मोजल्याशिवाय कोणी सांगू नये, आणि सांगितलं तर मानू नये.

जहाज बोलावण्याचाच खर्च मोठा असतो, एका गावासाठी ते सहसा परवडत नाही. विशाखापट्टणमला जमतं कारण तिथे बंदर आहे. बाहेरच्या बंदराच्या ब्रेकवॉटरने (लाटा अडवणाऱ्या भिंतीने) उत्तरेकडे जाणारी वाळू अडली, आरके बीच झिजू लागला. बंदराला गाळ काढावाच लागतो, तीच वाळू पाइपने किनाऱ्यावर सोडतात. पण ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. पुद्दुचेरीचंही बघा. तिथे 1980 च्या दशकात बंदराच्या भिंती झाल्या आणि उत्तरेची पुळण गेली. पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा रीफ (लाटांचा जोर मोडणारा बांध) बसवला, सोबत वाळू भरली, आणि 2018 च्या सुमारास पुळण परत दिसायला लागली. म्हणजे वाळूसोबत तिला धरून ठेवणारं काहीतरी असेल तर ती जास्त टिकते.

रापणकर

मी मालवणचा. जहाज, पाइप सगळा बरा हा, पण रापणीचा काय? ता कोण इचारता?

(बाकीचं सगळ्यांना समजेल असं लिहितो.) रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडीने जाळं अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांनी माणसांनी पुळणीवर ओढायचं. त्याला तळ सपाट लागतो. वाळू ओतून उतार बदलला किंवा मध्ये खड्डा झाला की जाळं अडकलं, फाटलं. निवेदनात पहिल्याच पानावर लिहा की रापण संघांना विचारल्याशिवाय जागा ठरवू नका. केरळात बघा. 2024 मध्ये केंद्राने कोल्लमसमोरच्या बांधकामाच्या वाळूचे ब्लॉक लिलावाला काढले, तेव्हा मच्छीमार रस्त्यावर आले. ती वाळू किनारा भरायला नव्हती, विकायला होती. आमच्याकडे "किनारा वाचवतो" म्हणून कोणी शिरलं आणि नंतर वाळू पनवेलला गेली, असं नको.

वेळेचंही गणित आहे. पावसाळ्यात ड्रेजर उभा राहणार नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, पण तेव्हाच समुद्र खवळलेला. म्हणजे काम हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. तोच आमचा धंद्याचा, पर्यटनाचा आणि कासवं अंडी घालायला येण्याचा हंगाम. कासवाच्या घरट्यावर डोझर फिरला तर वनखातं कोणालाच सोडणार नाही. आणि मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, त्याच्या आसपास तळ खणायची भाषा करूच नका.

शेवटचं. खाडीत हातपाटीने, डुबी मारून वाळू काढणारी माणसं आमचीच आहेत, त्यांच्या पोटावर बोलत नाही. पण रात्री सक्शन पंप लागतात ते सगळ्यांना माहीत आहे. दादा, तुम्ही दांड्यावरची जाड वाळू चाळलीत ना? ती नदीने आणलेली. तीच वाटेत उचलली तर पुळणीला येणार काय? एका हाताने खाडी उपसायची आणि दुसऱ्या हाताने समुद्रातून वाळू मागायची, हे निवेदन वाचणारा हसेल.

शिरोली_सँडलॅब

रापणकर, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नसता, धन्यवाद. सक्शन पंप बंद करा ही मागणी आता सगळ्यात वर घेतो. गावात यावरून वाद होणार हे दिसतंय, मावसभावाच्या आळीतही वाळू काढणाऱ्या दोन होड्या आहेत. तरी घेतो.

पाटील_रॉटरडॅम

मूळचा कागलचा, सध्या नेदरलँड्समध्ये. इथला अनुभव कामी येईल म्हणून लिहितोय. या देशाने 1990 मध्ये ठरवलं की किनारारेषा त्या वर्षी जिथे होती तिथून मागे जाऊ द्यायची नाही. त्यासाठी दरवर्षी सुमारे 1 कोटी 20 लाख घनमीटर वाळू टाकतात. उपसतात ती 20 मीटर खोलीच्या बाहेरून. 2011 मध्ये हेगजवळ एकदम 2 कोटी 15 लाख घनमीटरचा ढीग लावला, त्याला 'झांडमोटर' म्हणतात. कल्पना अशी की हा ढीग वारा आणि लाटांनी स्वतःच आजूबाजूच्या किनाऱ्यावर पसरावा. मी दोनदा जाऊन आलो. ढीग हळूहळू पसरतोय, आणि लोक त्यावर पतंग उडवतात.

टाकलेली वाळू जाणार हे इथे गृहीतच असतं. "टिकते का" असं इथे कोणी विचारत नाही, "पुन्हा कधी टाकायची" एवढंच विचारतात, आणि त्यासाठी पैसे बाजूला ठेवलेले असतात. आपल्याकडे एकदा उद्घाटन झालं की संपलं, तिथे खरी अडचण आहे.

तुमच्या काकांचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कोण मोजणार? इथे 1965 पासून दरवर्षी अख्खा किनारा ठरलेल्या रेषांवर मोजतात, साधारण 250 मीटरला एक रेष, कोरड्या वाळूपासून पाण्याखालपर्यंत. म्हणून ठेकेदाराने किती टाकली आणि किती उरली हे कागदावर दिसतं. मोजमाप नसेल तर वाळूच काय, दगडाचंही बिल कोणी तपासू शकत नाही.

शिरोली_सँडलॅब

हे काकांना वाचून दाखवलं. "मग आधी मोजा म्हणावं, मागायचं नंतर," म्हणाले. मलाही पटलं. निवेदनाचा क्रम बदलतोय : खाडीतला सक्शन उपसा बंद, किनाऱ्यावर कायमच्या मोजणी-रेषा, खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडून अभ्यास, आणि त्यातून वाळू भरणं योग्य निघालं तर ते, रापण संघांच्या संमतीने. अगदी लाटेच्या तोंडावरच्या घरांपुढे तोपर्यंत दगड. पण सरकारी मोजणी सुरू व्हायला किती वर्षं जातील कोणास ठाऊक. आम्ही स्वतः काही मोजू शकतो का? ड्रोन, जीपीएस वगैरे परवडणार नाही. आणि निवेदन द्यायचं कोणाला?

खडकवासला_रिटर्न

दोन काठ्या आणि एक दोरी पुरते. दीडेक मीटरच्या दोन सरळ पट्ट्या घ्या, वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा, मध्ये ठरलेल्या लांबीची दोरी. एक माणूस वरच्या बाजूला, दुसरा समुद्राकडे. वरच्याने समुद्राकडच्या पट्टीचा माथा आणि क्षितिज एका रेषेत धरायचे. ती रेष त्याच्या स्वतःच्या पट्टीवर माथ्यापासून जितकी खाली येते, तितका त्या दोरीभर अंतरातला उतार. लिहून घ्या, पुढे सरका, पाण्यापर्यंत जा. एमरी नावाच्या शास्त्रज्ञाने 1961 मध्ये ही पद्धत मांडली, अजून वापरतात. क्षितिज स्वच्छ हवं, एवढीच अट.

सुरुवात पक्क्या खुणेपासून करा. विहिरीचा कठडा किंवा देवळाचा चौथरा चालेल. माड घेऊ नका, तोच वाहून जायचा. महिन्यातून एकदा, अमावस्या किंवा पौर्णिमेच्या ओहोटीला. दर वेळी त्याच रेषेवर, आणि तुमच्या चाळण्यांसाठी त्याच जागची मूठभर वाळू.

निवेदन जिल्हाधिकारी आणि पत्तन अभियंता कार्यालयाला (किनाऱ्याची बांधकामं बघणारं सरकारी ऑफिस) द्या, प्रत महाराष्ट्र सागरी मंडळाला. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ओहोटीरेषेपासून 12 सागरी मैलांपर्यंतचं पाणीही येतं, म्हणून वाळू उपसायची म्हटली की किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावंच लागेल. तिथे तुमच्या वर्षभराच्या नोंदी जोडल्यात तर फाइल जरा वेगळी दिसेल.

शिरोली_सँडलॅब

पट्ट्या आमच्या पॅटर्न शॉपमध्ये सागवानाच्या करून घेतो, खुणा तिथला मिस्त्री अचूक पाडून देईल. मावसभाऊ आणि त्याची बारावीतली मुलगी मोजायला तयार आहेत. पहिली रेष घराजवळच्या विहिरीपासून, दुसरी बंधाऱ्याच्या टोकापलीकडे. रापणकर, तुमच्या भागातही एखादी रेष धरता येईल का? पट्ट्यांचा जोड पाठवतो, एसटीच्या पार्सलने.

रापणकर

पाठवा. पण दोरी आमची, समुद्रात टिकणारी.