हसवण्याचे दोन प्रकार

रेनेसाँसच्या, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या, लेखकांना शेतकरी दिसला तो फक्त टिंगलीपुरता, असं म्हणतात. बऱ्याच अंशी खरं आहे. फ्लॉरेन्सचा सत्ताधीश लोरेंझो द मेदिची याच्या नावावर असलेली 'नेन्चा' ही कविताच घ्या. त्यातला खेडवळ प्रियकर प्रेयसीच्या दातांची तारीफ काय करतो? घोड्याच्या दातांपेक्षा पांढरे, आणि दोन्ही बाजूंना वीसच्या वर! फ्लॉरेन्सचे शहरी लोक यावर पोट धरून हसले असणार.

पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. व्हेनिसजवळच्या पादुआचा नाटककार आंजेलो बेओल्को, टोपणनाव 'रुझान्ते', हा माणूस वेगळा. त्यानं तिथल्या खेडुतांच्या बोलीतच नाटकं लिहिली. एकात रुझान्ते याच नावाचा खेडूत लढाईवरून फाटक्या कपड्यांत, उवा घेऊन व्हेनिसला बायकोला शोधत येतो. तिनं तोवर एका गुंडाचा आसरा घेतलाय, कारण रोज पोटाला लागतं, आणि हा आलाय रिकाम्या हातानं. ती म्हणते, अंगावर साधी जखमेची खूणही नाही, मग लढलास कशावरून? पुढे तो गुंड याला बडवतो, आणि हा पठ्ठ्या मित्राला सांगतो की शंभरावर माणसं तुटून पडली होती! हसू येतं, पण घशात अडकतं. १५२८-२९च्या दुष्काळावरही त्यानं लिहिलंय, त्यात भूक हाच विषय.

आता गंमत अशी की बेओल्को स्वतः आल्विझे कोर्नारो या जमीनदाराचा कारभार बघायचा आणि प्रेक्षकही बडेच. म्हणजे कुळांची बाजू मांडणारा मालकाचाच माणूस.