सेत्सुनाई: हुरहूर की जीव तुटणं?

पाटीपेन्सिल: जपानीच्या एन ३ परीक्षेची तयारी चालू आहे. भावनांच्या कांजींपुढे (म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांपुढे) मराठी अर्थ लिहायचा नेम केलाय. 'कानाशी' दुःखी, 'हाझुकाशी' लाजिरवाणं, इथवर ठीक. 'सेत्सुनाई'पाशी अडले. मी 'हुरहूर' लिहिलं, तर वर्गातली मैत्रीण म्हणते हुरहुरीत पुढचा घोर असतो, इथे तो नाही. मग काय लिहू?

उंबरठा: कांजीच बघा की. 'किरु', म्हणजे कापणे, याचीच आहे ती. उजवीकडे चक्क सुरी. म्हणजे जीव तुटणं! मामा मुंबईला परत निघाला की आजी ओटीवर बसून हेच म्हणायची, "जीव तुटतो रे."

ताकभात: भाव जुळतो, पण सेत्सुनाई विशेषण आहे. 'जीव तुटणारं गाणं' म्हणणार का? आणि त्यातला 'नाई' नकाराचा नाही, बरेच जण तिथे फसतात. 'हृदयद्रावक' लिहा.

उंबरठा: हृदयद्रावक अपघाताच्या बातमीत शोभतं.

चिंचोका: जपानीत मन आणि हृदय दोन्हीला 'कोकोरो'च. डाव्या बाजूला ते तीन रेघांत उभं राहतं, त्याला रिश्शिनबेन म्हणतात. हे उभं मन आणि शेजारी 'नाहीसं होणं', झालं व्यस्त. तेच 'नाहीसं होणं' वर आणि मन खाली, की झालं विसरणं. आमच्या सेन्सेई म्हणायच्या, कामात बुडालं की मन मरतं. तेव्हापासून दोन्ही कधी चुकले नाही.

ताकभात: पाठांतराला झकास, व्युत्पत्ती म्हणून कच्ची. ते चिन्ह उच्चारासाठी आलंय. चिनी वळणाच्या वाचनात 'नाहीसं होणं', 'व्यस्त' आणि 'विसरणं' या तिन्ही कांजी 'बोऽ'च. 'कानाशी'च्या कांजीतही मनावर बसलेला नकार 'हि' असा उच्चार पुरवतो.

चिंचोका: मग 'बोऽ' उच्चाराचं दुसरं कुठलंच चिन्ह नव्हतं? नेमकं हेच कसं सापडलं?

उंबरठा: ते राहू दे, 'व्यस्त' कुठून आणलंत? मराठीत व्यस्त म्हणजे उलट. सातवीचं व्यस्त प्रमाण विसरलात?

चिंचोका: फोनवरची बाई रोज सांगते, "ग्राहक व्यस्त आहे." ग्राहक उलटा टांगलाय असं मला तरी कधी वाटलं नाही.

उंबरठा: ती हिंदीतून उतरलेली बाई. 'व्यग्र' म्हणा.

ताकभात: व्यग्र बोलण्यात कोण वापरतं? आमच्याकडे माणूस 'कामात' असतो.

पाटीपेन्सिल: अहो, सेत्सुनाई?

उंबरठा: थांबा, आधी हे व्यस्तचं मिटू दे.