प्रतिसाद: आधी फाइली बघा, मग लिनक्स

वर एकांनी सुचवलंय की स्वयंसेवकांनी सुट्टीच्या दोन दिवसांत संस्थेच्या सगळ्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स ही मुक्त, मोफत सिस्टिम टाकून द्यावी. उत्साह समजतो, पण सोमवारी हिशेबनीस बसतो आणि देणगीच्या पावत्या निघत नाहीत, तिथेच मुक्त सॉफ्टवेअरकडे वळण्याची मोहीम संपते.

आधी विंडोज तसंच ठेवून त्यावर मुक्त प्रोग्राम द्या: लिबरऑफिस (पत्रं, हिशेब), फायरफॉक्स (ब्राउझर), थंडरबर्ड (ईमेल). लोकांचा हात बसला की खालची सिस्टिम बदलणं सोपं जातं. त्याआधी रोज उघडणाऱ्या फाइली मागून घ्या आणि त्यांत दोन गोष्टी शोधा: मॅक्रो (शीटमधली कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेल शीट आणि अ‍ॅक्सेसचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या माहिती साठवण्याच्या प्रोग्रामचे, डेटाबेस. एक्सेलचे मॅक्रो लिबरऑफिसमध्ये काही चालतात, काही मध्येच अडकतात. अ‍ॅक्सेसमधली टेबलं आणता येतात, फॉर्म आणि रिपोर्ट मात्र नव्याने करावे लागतात. असं काही सापडलं तर तो एक कॉम्प्युटर जसा आहे तसा राहू द्या. हट्ट नको.

पत्रांची मांडणी विस्कटते ती बहुतेक वेळा फॉन्टमुळे. लिनक्सवर कॅलिब्री आणि केंब्रिया नसतात. त्यांच्या जागी कार्लिटो आणि कॅलाडिया हे फॉन्ट टाका. अक्षरांची रुंदी तीच असल्याने ओळी सहसा हलत नाहीत. बाहेर पाठवायचं पत्र पीडीएफच करा. देणगीदारांची यादी मोठी असेल तर सिव्हीसीआरएम (संस्थांसाठी देणगीदार-सभासदांची नोंद ठेवणारं मुक्त सॉफ्टवेअर) उत्तम, पण सर्व्हर, अपडेट आणि बॅकअप बघणारा माणूस ठरल्याशिवाय त्याचं नावही काढू नका.

आणि हा बदल ‘फुकट’ म्हणून लोकांच्या गळी उतरवू नका. शिकवण्याचा वेळ लागतोच, तो आधीच सांगा.