पजेरो एसएफएक्स: मागून ४० मिमी उचलण्यासाठी कोणत्या कॉइल स्प्रिंग?

मदत हवी आहे. गाडी जुनी मित्सुबिशी पजेरो एसएफएक्स, २.८ डिझेल, फोर बाय फोर. पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे सॉलिड अ‍ॅक्सलवर (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आस) कॉइल स्प्रिंग. मागच्या मूळ स्प्रिंग दबून खाली बसल्या आहेत. पाच जण आणि सामान भरलं की मावळातल्या खडकाळ वाटांवर अ‍ॅक्सल बम्प स्टॉपवर (त्याची वरची हालचाल अडवणारा रबरी ठोकळा) धडाधड आदळतो.

पुढचे टॉर्शन बार अँकर बोल्टने थोडे उचलून अलाइनमेंट करून घेतलंय. त्याहून वर नेणार नाही. सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा वळता सांधा) कोन वाढतो आणि चाकाला खाली यायला जागा उरत नाही. मागे स्पेसर घालून पाहिले. उंची मिळाली, पण स्प्रिंग तितकीच मऊ, त्यामुळे आदळणं तसंच. शॉक नवे आहेत, मूळ लांबीचे.

टायर मूळ मापाचेच राहतील. विंच, टो हुक, कॅरियर काही नाही. एरवी गाडी रिकामीच फिरते, म्हणून कायम भार धरून बनवलेल्या कडक स्प्रिंग नकोत. घरात वयस्कर माणसं आहेत, त्यांचे हाल होतील.

ज्यांनी हे काम स्वतःच्या गाडीवर केलंय त्यांनी कृपया सांगा: एकसारख्या ताठरपणाच्या स्प्रिंग घ्याव्यात की दाबल्यावर कडक होत जाणाऱ्या? ४० मिमीला मूळ शॉक पुरतात का? गाडी उचलल्यावर पॅनहार्ड रॉडमुळे (अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणारा दांडा) अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, तो अ‍ॅडजस्टेबल करावा लागला का? आणि मुख्य म्हणजे, मागच्या ब्रेकच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची (गाडीतल्या भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) दांडी किती आणि कशी जुळवलीत?